घोट्यावरचा हात

१२ जून, गुरुवार

मोसमातलं पहिलं पोहणं आज झालं. सुपीरियर सरोवराचं पाणी एवढं गार होतं की पहिल्या काही हातांतच कपाळात कळ आली. पेल्कोनेन मास्तर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ओरडत होते, "अगं, काठावर काय उभी राहिलीस? सुपीरियर तापायची वाट बघत असशील तर पुढच्या जन्मी ये!" मास्तरांनी गावातल्या निम्म्या लोकांना पोहायला शिकवलं आहे, उरलेल्या निम्म्यांना ते माणसांत धरत नाहीत. त्यांच्या पत्नी ट्यूनेबाई छोट्या होडीत कॉफीचा थर्मास मांडीत धरून बसल्या होत्या. त्या स्वतः पाण्यात उतरत नाहीत. "घरात एक वेडं पुरे," असं त्या सांगतात.

ऑगस्टच्या चोवीस तारखेला आमच्याच उपसागरात लांब पल्ल्याची तिहेरी शर्यत आहे. सकाळी पोहणं, मग दिवसभर सायकल, आणि त्यानंतर पूर्ण मॅरेथॉन. गेल्या वर्षी व्हिएनो आत्याने आम्हा दोघींची नावं दिली होती. शर्यत तोंडावर आली असताना एका सकाळी ती एकटीच पोहायला गेली, आणि तिच्या कमरेला बांधलेला नारिंगी फुगा तिला घेऊन धक्क्याशी येऊन लागला. मी तेव्हा कामावर होते. डॉक्टरांनी मृत्यूचं कारण म्हणून हृदय लिहिलं.

यंदा मी एकटीचं नाव दिलं आहे. नाव देणं म्हणजे तयार असणं नव्हे, हे मला कळतं. कॉलेजच्या खनिजसंग्रहालयात मी दगडांची लेबलं लिहिते. तिथला पहिला नियम असा, की कठीणपणा, कस आणि वजन तपासल्याशिवाय दगडाला नाव द्यायचं नाही. तोच नियम स्वतःला लावायचा आणि सगळं प्रामाणिकपणे इथे टिपायचं, असं ठरवलं आहे.

तर आजची तपासणी. वेटसूट, म्हणजे गार पाण्यात घालायचा रबरी पोशाख, आत्याचाच घातला. गळ्याशी आणि छातीवर फार आवळतो. मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, "आवळणारच. तो काय झगा आहे?" नवा नंबराचा पोहण्याचा चष्मा उत्तम आहे. चष्म्याविना मला हाताच्या अंतरापलीकडचं दिसत नाही, म्हणून चार उन्हाळे आत्या माझ्या मागे पोहली. मान वर काढून बोया ती बघायची, आणि बोटांनी माझ्या तळव्यांना दिशा सांगायची. उजव्या तळव्याला टिचकी म्हणजे उजवीकडे, डाव्याला म्हणजे डावीकडे. घोटा धरला की थांबायचं. आता मला बोये दिसतात, धक्का दिसतो, दीपगृहाचा तांबडा ठिपकाही दिसतो. मागे कोणी असण्याची गरज उरलेली नाही.

परतीच्या वाटेवर कोणीतरी माझा डावा घोटा धरला.

मी वळून पाहिलं. मागे माझाच फुगा होता, आणि पाणी.

१४ जून, शनिवार

शनिवारचा सौना, म्हणजे आम्हा फिनिश घरांतलं, तापल्या दगडांवर पाणी ओतून घ्यायचं वाफेचं स्नान. आत्या गेल्यापासून काका आणि मी दोघंच. रेइनोकाका आत्याचे यजमान. मी नऊ वर्षांची असल्यापासून त्यांच्याच घरी राहते. ते फारसे बोलत नाहीत. सौनात तर नाहीच.

आमच्याकडे शेवटची वाफ जिवंत माणसाने घ्यायची नसते. सगळ्यांचं झालं की एक पळीभर पाणी दगडांपाशी ठेवायचं, दार लोटायचं आणि मागे न बघता घराकडे यायचं. ज्यांना यायचं असतं ते येतात. लहानपणी मी विचारलं होतं, "म्हणजे कोण?" आत्या म्हणाली होती, "ज्यांना थंडी वाजते ते."

आज मी पळी ठेवली. अंगणाच्या मध्यावर आले असेन, तेव्हा तापल्या दगडांवर पाणी पडल्याचा आवाज झाला. आणि त्यामागोमाग खोकला. ओला, खोल, तीनदा ओढून आलेला. पोहून आल्यावर आत्या असंच खोकायची.

मी काकांकडे पाहिलं. "लाकूड तडकलं," ते म्हणाले.

लाकूड तडकल्याचा आवाज मी ओळखते.

१९ जून, गुरुवार

पुन्हा तेच. धक्का मागे पडला, श्वास आखूड झाला, आणि घोटा.

मास्तरांना विचारलं, फुग्याची दोरी पायात येत असेल का? त्यांनी दोरी तपासली, वीतभर आखूड केली आणि ट्यूनेबाईंना हाक मारली, "ऐकलंस का, हेल्मीच्या पायाला कोणीतरी धरतंय म्हणे!"

"पंचविशीच्या पोरीचा पाय कोणी धरत असेल तर तिने ओरडावं कशाला?" होडीतून उत्तर आलं. सगळे हसले. मीही हसले, अशा वेळी न हसणारी माणसं लक्षात राहतात, आणि मला लक्षात राहायचं नसतं.

दोरी आखूड केल्यावर पुन्हा पाण्यात शिरले. फुगा आता कमरेपाशीच डुलत होता. हात घोट्याशीच आला.

६ जुलै, रविवार

दिवसभर सायकल. थेट भूशिराच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले, वाटेत मांस-बटाटा भरलेली पेस्टी खाल्ली, घरी येऊन लगेच तासभर धावलेही. चढावर गाणं गुणगुणत होते. पाय जड झाले, पण छाती मोकळी होती. काका ओट्यावर बसून साखळीला तेल देत होते. म्हणाले, "दम लागला?"

"मुळीच नाही."

"हं," ते म्हणाले, आणि तेल देत राहिले.

जमिनीवर मी तयार आहे. हे वाक्य मी पेनने लिहिते आहे. पाण्याविषयीचं वाक्य अजून पेन्सिलीने लिहिण्याइतकंही तयार नाही.

१० जुलै, गुरुवार

आज एक नवीन बाई आल्या. मारिसोल, फ्लोरिडाच्या, उन्हाळ्याच्या सत्रापुरत्या आमच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायला आल्या आहेत. शिकत असताना समुद्रावर जीवरक्षकाचं काम केलं आहे म्हणे. मास्तरांनी पहिल्या पाच मिनिटांत त्यांना 'कोळंबी' करून टाकलं. त्या पाण्यात शिरताना किंचाळल्या तेव्हा मास्तर समाधानाने म्हणाले, "कोळंबीला कळलं, उकळतं पाणी वेगळं आणि हे वेगळं."

मी आज लांबचं अंतर घेतलं, दीपगृहाच्या बोयापर्यंत. जाताना ठीक होते. बोयाला वळसा घालताना श्वास तोकडा पडू लागला. हवा आत जाते आहे, पण पुरत नाही, असं काहीसं. छातीत बारीक करकर ऐकू येत होती, दहिवर गोठलेल्या गवतावरून चालताना येते तशी. आणि मग घोटा. या वेळी नुसता धरला नाही, मागे ओढला. माझं तोंड पाण्याखाली गेलं. मी ओरडण्याइतकी शूर नाही, म्हणून पाठीवर वळले आणि आकाशाकडे बघत पडून राहिले. हात सुटला. कसाबसा काठ गाठला.

काठावर बराच वेळ खोकत होते. थुंकी फेसाळ आणि गुलाबी होती. दुपारी डब्यात बीटाची कोशिंबीर होती.

मारिसोल माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. "जिना चढताना असं होतं तुला?"

"नाही."

"सायकलवर? धावताना?"

"नाही."

"म्हणजे फक्त पाण्यात."

"पाण्यात दम लागणार नाही तर काय पोस्टात लागणार?" मास्तर म्हणाले. "कोळंबीबाई, याला सुपीरियरचा खोकला म्हणतात. गार पाण्याची पावती. ज्याला येत नाही त्याचं पोहणं आम्ही धरत नाही. सौनात बसायचं, वर कडक कॉफी, सकाळी गायब! व्हिएनोला तर दर खेपेला यायचा."

"मग विचारू या की तिला. व्हिएनो कोण?" मारिसोल आजूबाजूला बघत म्हणाल्या. "आज आली नाही का?"

त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सगळे आपापल्या पेल्यात बघू लागले. शेवटी ट्यूनेबाई म्हणाल्या, "साखर घे गं, कोळंबी."

घरी येताना मारिसोल माझ्याबरोबर चालत आल्या. "डॉक्टरला दाखव," त्या म्हणाल्या. "उद्याच. आणि त्याला सांग की हे पाण्यात होतं, नाहीतर काठावर तपासून त्याला काही सापडायचं नाही."

१४ जुलै, सोमवार

दाखवलं. डॉक्टरांनी पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. छाती स्वच्छ. रक्तदाब थोडा वर आहे, "कॉफी पिऊन आलात का?" असं विचारलं. आमच्या गावात हा प्रश्न विचारणारा माणूस बाहेरचाच असतो. मी हो म्हटलं. ते म्हणाले, मग ते असेल.

पाण्यात होतं हे सांगायचं राहिलं. म्हणजे ओठांपर्यंत आलं होतं. पण पाण्यात होतं म्हटलं की काय होतं हेही सांगावं लागलं असतं, आणि अनोळखी माणसासमोर कागदी अंगरख्यात बसून 'माझी मेलेली आत्या माझा पाय धरते' हे वाक्य मला रचता आलं नाही.

फुफ्फुसं स्वच्छ आहेत, हे मात्र आता तपासून सिद्ध झालं. म्हणजे उरतो तो भाग शरीराचा नाही.

२४ जुलै, गुरुवार

ती मला का धरते, याचा आज शांतपणे विचार केला. तीन शक्यता दिसतात. एक, दुःखाने माझं मन हे रचतं आहे. दोन, ही शर्यत तिची होती, आणि तिच्या पोशाखात, तिच्या पाण्यात मी ती एकटीने करावी हे तिला सोसत नाही. तिसरी शक्यता लिहायला वेळ लागला. तिथे फार गार आहे, आणि तिला सोबत हवी आहे.

आज बीट खाल्लं नव्हतं. तरी थुंकीत गुलाबी होतं. जीभ चावली असावी.

दगडातला तांबडेपणा लोखंडाचा की तांब्याचा, हे मी नुसत्या नजरेने सांगू शकते. सगळे मला त्यासाठीच बोलावतात.

२ ऑगस्ट, शनिवार

आत्याला जाऊन येत्या आठवड्यात वर्ष होईल. सौनाच्या बाहेरच्या खोलीतली तिची पेटी काकांनी आज पहिल्यांदा उघडली. तिची टोपी, तिचा कंगवा, पोहून आल्यावर गुंडाळायचा पांढरा टॉवेल. टॉवेलच्या एका टोकाला फिकट गुलाबी डाग होते, धुऊन धुऊन विटलेले. तोंड पुसलं जातं त्या टोकाला.

"हे कसले?" मी विचारलं.

"बीटाचे," काका म्हणाले. "मी विचारलं होतं तेव्हा ती म्हणाली, बीटाचे."

मग त्यांनी डागांवरून अंगठा फिरवला. म्हणाले, "तिला बीट आवडायचं नाही."

"कुठे तरी खाल्लं असेल. चर्चच्या जेवणात असतंच."

"हं."

उठताना त्यांनी खुंटीवरचा माझा टॉवेल उचलला, उजेडाकडे धरून पाहिला, आणि जागच्या जागी ठेवला. माझी पाठ आहे असं त्यांना वाटलं. काका अलीकडे असं काहीबाही करतात. म्हातारे होत चालले आहेत.

शेवटच्या वाफेनंतर खोकला आज इतका लांबला की मी कानांवर हात ठेवले.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आम्हा गुरुवारी एकत्र पोहणाऱ्यांची एक जुनी रीत आहे. पहिल्यांदा लांब शर्यत करणाऱ्याने आपण तयार आहोत की नाही हे एकट्याने ठरवायचं नाही. त्याला मास्तरांच्या सौनात सर्वांत वरच्या फळीवर बसवायचं. बाकीच्यांनी एकेक पळी पाणी दगडांवर ओतायचं आणि एकेक प्रश्न विचारायचा. वाफेत बसून उत्तरं देता आली तर तयार. खाली उतरला तर पुढच्या वर्षी.

मी टॉवेल घट्ट गुंडाळून वर बसले. एवढ्या लोकांनी एकाच वेळी माझ्याकडे बघणं हीच माझ्यासाठी खरी परीक्षा होती. मास्तरांनी पहिली पळी ओतली. कानाच्या पाळ्या भाजल्या.

"पाण्यात कोणी लाथ मारून चष्मा उडवला तर?"

"डोळे मिटून पोहेन. चार वर्षं तेच केलं आहे."

"शाब्बास! बघितलंत? व्हिएनोची पोर आहे."

ट्यूनेबाईंनी दुसरी पळी ओतली. "सायकलवर दिवसभर गोड खाऊन मळमळलं तर?"

"तुमचं लोणचं खिशात असेल."

"ही पास," ट्यूनेबाई म्हणाल्या. "मी उतरते बाई खाली, माझं रक्त आटलं."

मग मारिसोल. महिन्याभरात त्या वाफेला सरावल्या आहेत. मास्तर आता कौतुकाने त्यांना 'गोठवलेली कोळंबी' म्हणतात. त्यांनी पळी भरली, पण ओतली नाही. "थांबायचं कधी," त्यांनी विचारलं, "हे पाण्यात कोण ठरवणार?"

दगड तडतडत होते. मी विचार न करता खरं ते बोलून गेले.

"आत्या."

मास्तरांनी घसा साफ केला. हसावं की गप्प राहावं हे त्यांना कळेना. त्यांना असं झालेलं मी प्रथमच पाहिलं. मग ते मोठ्याने म्हणाले, "बरोबर! वर बसून बघत असेलच ती. तयार आहे पोरगी!" आणि सगळ्यांनी फळ्या बडवल्या.

मारिसोलनी पळीतलं पाणी बादलीत परत ओतलं. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "मी त्या दिवशी सुरक्षेच्या होडीत असणार आहे. दम लागला की हात वर कर. लाजायचं नाही. हेल्मी, तू हात वर करशील ना?"

मी हो म्हटलं. शाळेत मला प्रत्येक उत्तर येत असे. हात मी एकदाही वर केला नव्हता.

२० ऑगस्ट, बुधवार

जवळच्या बोयापर्यंत शेवटचं हलकं पोहणं. एकटी नव्हते, मास्तर काठावर होते. पाण्यात चार-दोन मिनिटंच झाली होती. श्वासही लागला नव्हता. तरी हात आलाच. आणि दोन्ही घोट्यांना. पूर्वी असं कधी झालं नव्हतं.

तिसरी शक्यताच खरी असावी. ती मला न्यायला आली आहे.

हे लिहून झाल्यावर मी बराच वेळ खिडकीशी बसले. भीती वाटत होती, पण तिच्याहून वाईट एक गोष्ट होती. क्षणभर मला वाटलं, जावं.

२३ ऑगस्ट, शनिवार

नाव नोंदवून आले. पिशव्या भरून दिल्या, सायकल रांगेत टांगून आले. घोट्यावर बांधायचा पट्टा मिळाला. त्यात वेळ मोजणारी चिप असते. डाव्या घोट्याला बांधायचा, म्हणजे सायकलच्या साखळीत अडकत नाही.

काकांनी वेलदोड्याचा पाव केला होता. आत्याच्या मागे त्यांनी पहिल्यांदाच केला. मध्ये कच्चा राहिला होता. आम्ही दोघांनी तो संपवला.

"सगळे म्हणतात मी तयार आहे," मी म्हटलं.

काका पेल्यात बघत होते. "तीही तयार होती," ते म्हणाले.

मग सुरी पुसत, "नाही गेलीस तर चालणार नाही का, हेल्मी?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभर माझी सायकल पुसणाऱ्या माणसालाही माझ्यावर विश्वास नाही. मी म्हटलं, "आता नाही चालणार, काका." त्यांनी मान हलवली आणि ताटल्या उचलल्या. आज शनिवार असून त्यांनी सौना पेटवला नाही. "उद्या बघू," म्हणाले.

ठरलं आहे. ती ओढो, धरो, मला पोहायचं आहे. हात वर करणार नाही. एकदा पलीकडे पोचले की ती सुटेल, किंवा मी.

२४ ऑगस्ट, रविवार

जे झालं ते क्रमाने लिहिते.

पहाटे धक्क्यावर पोचले. स्वयंसेवकांनी दंडावर माझा क्रमांक आणि पोटरीवर वय लिहिलं. वेटसूट घालताना ट्यूनेबाईंनी पाठीची चेन ओढली. "आवळतो गं बाई," त्या म्हणाल्या, "श्वास कुठून घेणार आहेस?" मी हसले. पट्टा डाव्या घोट्याला बांधला.

धुकं पाण्यावर टेकलं होतं. पहिला बोया दिसत होता, दुसरा नव्हता. आम्ही शेकडो जण गुडघाभर पाण्यात उभे राहिलो. मास्तरांच्या हातात भोंगा होता. हा मान दर वर्षी त्यांचाच. त्यांनी मला गर्दीतून शोधलं आणि छातीवर मूठ आपटून दाखवली.

पट्टा फार घट्ट बसला आहे असं वाटलं. वाकून सैल केला. तरी घट्टच. पुन्हा वाकले, पट्टा पूर्ण सोडवला आणि हातात घेतला.

पकड तशीच होती.

चार बोटं आणि अंगठा. बर्फासारखी. मी पाण्यात पाहिलं. पाणी स्वच्छ होतं, तळाचे गोटे दिसत होते, माझे दोन पांढरे पाय दिसत होते. दुसरं काही नव्हतं.

आणि ती ओढत नव्हती. एवढं मला सांगितलंच पाहिजे, कारण मी नीट लक्ष दिलं. आत, पाण्याकडे, ओढत नव्हती. मागे ओढत नव्हती. नुसती धरून होती, जशी पूर्वी धरायची. बोयापाशी, वादळ येताना दिसलं तेव्हा. माझा पाय पेटक्याने वाकडा झाला तेव्हा. घोटा धरला की थांबायचं. मी कधी का म्हणून विचारलं नव्हतं. दिसायचं ते तिला.

भोंगा झाला.

सगळे एकदम पाण्यात पडले, फेस उसळला, आणि माझ्या दोन्ही बाजूंनी माणसं निघून गेली. मी उभीच. उपसागर हातांनी भरला आणि हळूहळू रिकामा झाला. मग काठावरच्या पाण्यात मी एकटीच राहिले. लोक ओरडून मला प्रोत्साहन देत होते. सर्वांनी माझ्याकडे पाहावं असा एक क्षण आयुष्यात येणारच होता, तो हा.

मी वळले. पहिलं पाऊल काठाकडे टाकलं तेव्हा पकड सैल झाली. दुसऱ्या पावलाला गेली.

चिप परत दिली की शर्यत संपते. ट्यूनेबाई टेबलापाशी होत्या. "काय झालं गं? पट्टा तुटला का? थांब, दुसरा देते..."

"मी तयार नाही," मी म्हटलं.

त्यांनी चिप माझ्या मुठीतून हळूच काढून घेतली. मास्तर भोंगा घेऊन तसेच उभे होते. ते माझ्याकडे बघेनात. धुक्याच्या कडेला मारिसोलची होडी होती. त्यांनी मला पाहिलं आणि वल्हं उंच वर धरलं, बराच वेळ. निरोप होता की निषेध, दुरून कळलं नाही.

मी भित्री निघाले. दुसऱ्या कोणत्याही शब्दाने हे लेबल लिहिता येणार नाही. छाती तपासून घेतली होती, पायांत ताकद होती, सगळ्यांनी फळ्या बडवल्या होत्या, आणि एका मेलेल्या बाईने पाय धरला म्हणून मी थांबले.

चालत घरी आले, आत्याचा वेटसूट खांद्यावर टाकून. फाटकातूनच धूर दिसला. सौना तापलेला होता. नुसता पेटवलेला नाही, पूर्ण तापलेला, दगड पांढुरके झालेले. आमचा सौना तापायला तीन तास लागतात, आणि मी मध्यरात्रीच्या आधी परतणं शक्यच नव्हतं.

काका ओट्यावर बसले होते. बाजूला दोन पेले होते. मला पाहून ते उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले.

"लाकडं ओली होती," ते म्हणाले. "म्हटलं, लवकरच पेटवावीत."

लाकडं मीच वसंतात रचली होती. ती खडखडीत वाळलेली आहेत.

त्यांनी माझ्या खांद्यावरचा वेटसूट घेतला. तो त्यांनी खुंटीला टांगला नाही. घडी घालून आत्याच्या पेटीत ठेवला आणि झाकण लावलं. मग आम्ही सौनात बसलो. माणसं सायकलवरून गावातून जात असावीत. घंटा ऐकू येत होत्या. दंडावरचा क्रमांक घामाबरोबर निळा होऊन ओघळला.

शेवटी मी पळी भरून दगडांपाशी ठेवली आणि दार लोटलं. मागे बघायचं नसतं, थांबायचंही नसतं. मी थांबले. दारापासून दोन पावलांवर, डोळे मिटून.

दगडांवर पाणी पडलं. वाफेचा लांब, शांत आवाज झाला.

मी खोकल्याची वाट पाहत राहिले. काका पुढे जाऊन अंगणात उभे होते, त्यांनीही मान वळवली नव्हती. पण तेही तीच वाट पाहत होते हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं.

आतून कोणीतरी श्वास घेतला. पूर्ण, सावकाश, तळापर्यंत गेलेला. पुन्हा एक. पुन्हा एक.

खोकला आला नाही.